पेटीतली रिकामी खुर्ची

वोबेकाकांनी जन्मात कुणाला सरळ प्रश्न विचारला नाही. 'चहा घेणार का' एवढंसुद्धा नाही. पाहुण्यासमोर कप उपडा ठेवायचे, त्याच्याखाली खडीसाखरेचा तुकडा, आणि हाताची घडी घालून बघत बसायचे. कप उचललात म्हणजे चहा हवा. नाही उचललात तर तुमची मर्जी. मला असल्या प्रकारांची चीड आहे. मी उभा जन्म हार्लिंगनच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. प्रश्न नि उत्तर यांच्यामध्ये उगाच अंतर ठेवू नये, अशा मताची मी बाई. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्यांना ओळखणारं गावात आता कुणी उरलेलं नाही, आणि त्यांनी आयुष्यात जो एक खरा प्रश्न विचारला, तो ज्या तऱ्हेने विचारला त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ते रंगारी होते. भिंती फासणारे रंगारी नव्हेत. आमच्याकडे बांधाच्या पलीकडे समुद्र नि अलीकडे गवत. झाड म्हणावं असं फारसं नाहीच. लाकूड यायचं नॉर्वेहून, स्वस्तातलं पाइन. आणि दार तर ज्याला त्याला ओकचं हवं. मग वोबे रिटसेमांना बोलवायचं. ते शिळ्या बिअरमध्ये तपकिरी रंग कालवायचे, ओल्या रंगावरून पोलादी फणी ओढायचे, चिंधी गुंडाळलेल्या अंगठ्याने गाठी उठवायचे, आणि दुपारच्या जेवणापर्यंत पाइनचं ओक होऊन जायचं. आमच्या चर्चमधली बाकं ओकची आहेत असं नवे लोक अजून समजतात. समजू देत.

हे झालं पोटापाण्याचं. घरी आल्यावर मात्र हाच धंदा ते फुकट करायचे. त्यांच्या भिंतीवर एक खिळा रंगवलेला होता, सावलीसकट. आमचे पाद्रीबाबा दर खेपेला त्याच्यावर टोपी अडकवायला जायचे नि टोपी जमिनीवर पडायची.

"वोबे, तू नरकात जाशील," पाद्रीबाबा म्हणायचे.

"तिथलं दार कशाचं आहे म्हणता?" काका विचारायचे. "पाइनचं असेल तर काम मिळेल."

सिगारच्या खोक्याचं पातळ लाकूड ते जपून ठेवायचे. त्याच्या कुलपाविना बंद होणाऱ्या डब्या करायचे. दोरी नि बटणाची अशी गुंफण करायचे की बटण कोटात अडकवून घ्यावं नि घरी जाऊन कोटच कापायची वेळ यावी. कामाच्या बाकावर दोन रेघा ओढलेल्या होत्या, एक आखूड दिसायची, एक लांब. मी पट्टी लावून मोजल्या, सारख्याच. पट्टी काढून पाहिलं तर पुन्हा एक आखूड, एक लांब. मला वाटतं, पदार्थविज्ञानाकडे मी वळले ती त्या बाकापाशी. डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. काकांनी मात्र त्यातून काही भलतंच शिकून ठेवलं होतं.

त्यांची बायको आन्त्ये महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेली. मागे राहिली हिस्के. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली, आणि आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक गटार. त्यामुळे संत निकोलसच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच असायची. पाच डिसेंबरला सगळा देश एकमेकांना भेटी देतो नि ती भेट कशात तरी दडवून देतो, कुणी दिली ते सांगत नाही, सोबत टोमणे मारणाऱ्या चार ओळी जोडतो. हे प्रत्येक घरात चालतं. पण इतर घरांत चिकट कागदाच्या लगद्याचं डुक्कर असायचं. डुकराचं पोट फाडलं की मोजे. काकांच्या घरी तसलं सोपं काही चालत नसे.

एका वर्षी त्यांनी हिस्केला पाव दिला होता, राईचा काळा पाव, लाकडात कोरून रंगवलेला. हुंगूनसुद्धा पाहिला आम्ही. तिने तो मधोमध पिळला, तो उघडला, आत तिच्या नावाचं पहिलं अक्षर, चॉकलेटचं. मी टाळ्या वाजवल्या.

"झालं?" काका म्हणाले.

"कुठे झालं," हिस्के म्हणाली. तिने चॉकलेट तोंडात टाकलं नि पावाच्या पाठीवरून बोटांची टोकं फिरवायला लागली, आंधळी माणसं फिरवतात तशी.

"पहिलं सापडतं ते गाढवासाठी. नीट बघ."

"बाबा, तुम्ही गप्प बसा. मदत केलीत तर बोलणार नाही तुमच्याशी."

तिला सापडलं. बुडाशी एक सरकती पट्टी होती, सांधा रेषांमध्ये असा लपवलेला की मला दाखवल्यावरही दिसेना. आत आन्त्येकाकूंच्या लोकरीच्या शालीचे उसवून विणलेले लाल हातमोजे. हिस्केने ते चढवले नि बापाच्या मांडीवर जाऊन बसली. दोघांनी एकमेकांना काही म्हटलं नाही. त्या घरात प्रेम असंच चालायचं. मला वाटायचं, किती छान. आता मला तसं वाटत नाही.

मला त्या वर्षी लाकडी अंडं मिळालं होतं. ते काही केल्या उघडेना. मी विचारलं, "काका, कसं उघडायचं?" तर म्हणे, "सांगितलं की त्याचा जीव जातो." मी घरी जाऊन कोळसा फोडायच्या हातोड्याने ते फोडलं. आत शिट्टी होती, तिचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी काकांनी तुकडे पाहिले, हसले नाहीत, रागावले नाहीत. "उघडलंस खरं," म्हणाले, "पण सापडलं नाही."

मी शिकायला लायडनला गेले. हिस्केने डुर्कशी लग्न केलं. डुर्क मोठा उमदा, दुसऱ्याच्या गोठ्यात राबणारा, स्वतःच्या जमिनीसाठी वेडा झालेला. त्या वर्षांत जो उठला तो कॅनडाला निघाला होता. आमच्या गल्लीतली निम्मी घरं लाकडी पेटारे ठोकत होती. डुर्कनेही अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि ईस्टरच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा त्यांच्या ओट्यावर पेटारा तयार होता.

त्या दिवसाचं एक बोलणं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातून निघालं. आम्ही चौघं कॉफीला बसलो होतो. हिस्केने प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं नि डबा बंद केला.

डुर्क म्हणाला, "बाबा, तिकडे घर झालं की तुम्हाला बोलवू. काय?"

काका कॉफी ढवळत राहिले.

हिस्के हसली. तिला निघायचं होतं, आतून फाटत होतं, आणि अशा वेळी ती थट्टा करायची, बापाचीच सवय. म्हणाली, "बाबा तिकडे येऊन काय करणार? तिकडे दारं खऱ्या लाकडाची असतात!"

डुर्क मोठ्याने हसला. मीही हसले. काका सगळ्यात जास्त हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग उठले, शेडमध्ये गेले नि दार ओढून घेतलं.

त्यानंतर ते शेडमधून जेवायलाच काय ते बाहेर यायचे. हिस्के मला म्हणाली, "रागावलेत. मी जाते म्हणून रागावलेत. एक शब्द बोलत नाहीत."

"तू बोल मग."

"काय बोलू?"

"या म्हण आमच्याबरोबर."

"त्यांनी म्हटलं पाहिजे ना येतो म्हणून! त्यांचं घर, आईचं थडगं, त्यांचा धंदा. मी कोण ते सोडा म्हणणारी?"

हे असं. बाप म्हणणार बोलावलं पाहिजे, लेक म्हणणार मागितलं पाहिजे. दोघांच्या नाकाची ठेवण एकच होती.

एप्रिलमध्ये रॉटरडॅमच्या धक्क्यावर त्यांना पोचवायला मी लायडनहून गेले. पाऊस, बँड, रडणारी माणसं, लोकांच्या अंगावर नवेकोरे ओव्हरकोट. काकांच्या काखेत एक पेटी होती, बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी, चहूबाजूंनी ओकसारखी रंगवलेली. वर तेल लावलेला पातळ कागद, उजेड आत जावा म्हणून. पुढे एक भोक, डोळ्यापुरतं. असल्या बघायच्या पेट्या आमच्याकडे सगळीच मुलं खोक्यांच्या करतात, आत कागदाची बाहुली नि कागदाचं झाड. पण ही काकांनी केलेली.

हिस्केने डोळा लावला. बराच वेळ लावून राहिली.

मग मी पाहिलं. आत त्यांची पुढची खोली होती. तशीच्या तशी, हात घालावा इतकी खरी. शेगडी, शेगडीमागच्या निळ्या फरशा, त्यातली एक तडकलेली. आन्त्येकाकूंचं घड्याळ. डाव्या भिंतीला लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर लांबच लांब तपकिरी रेषा, जमिनीच्या फळ्यांवर तशाच. खिडकीत फुलाफुलांच्या कापडाचा पडदा. आणि मधोमध काकांची हातांची खुर्ची. रिकामी.

"सुरेख आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हिस्केचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पेटी छातीशी धरली. काका तिच्याकडे असे बघत होते की जणू आत्ता ती काहीतरी म्हणेल नि सगळं ठीक होईल. ती म्हणाली, "जपून ठेवीन, बाबा."

"नीट बघ," ते म्हणाले.

बोटीचा भोंगा झाला. डुर्कने तिला दंडाला धरून नेलं.

शिक्षण संपवून मी गावी परत आले, आईपाशी राहिले, हार्लिंगनला शिकवायला लागले. काका म्हातारे होत गेले. कॅनडाहून पत्रं यायची. बर्फ, बटाटे, पहिला मुलगा, दुसरी मुलगी, नवा ट्रॅक्टर. काकांची नजर कमी झाली तशी ती मीच वाचून दाखवायची. वाचून संपलं की त्यांचं एकच.

"पेटीबद्दल काही?"

"कपाटावर ठेवलीय, सुखरूप आहे, म्हणते."

"बरं."

दर पत्रानंतर हेच. मला वाटायचं, कारागिराला कौतुक हवंय, बाकी काय. त्यांच्या पुढच्या दाराच्या मागे एक तपकिरी सुटकेस उभी असायची. मी एकदा अडखळले तिच्यावर. "काका, ही कशाला इथे? कुणाचा तरी पाय मोडेल." तर म्हणाले, "असू दे. ब्रश आहेत." मी ती आत नेऊन ठेवली. पुढच्या वेळी पुन्हा दाराच्या मागे.

मग पांढऱ्या दारांची टूम आली. बायका मासिकांत बघायच्या नि मागायच्या: सपाट, पांढरं, पुसायला सोपं. पाद्रीबाबांच्या जागी आलेल्या तरुण पाद्र्याच्या बायकोने काकांनाच बोलावलं, त्यांचीच ओकची दारं पांढरी करायला. मी सायकलवरून जाताना पाहिलं, बादली उपडी घालून बसले होते नि जुन्या गाठीवरून, अंगठ्याने उठवलेल्या त्या गाठीवरून, पांढरा ब्रश ओढत होते.

"काका, सोडून द्या. दुसरा कुणी करेल."

"दुसरा कुणी दोन हातांत उरकेल. खालचं दिसत राहील."

"वाईट नाही वाटत?"

"वाईट कशाचं? खाली आहेच की ते," म्हणाले. "दिसत नाही एवढंच."

त्यांच्या शेवटच्या शरद ऋतूत आजारपण आलं तेव्हा मात्र माझा संयम संपला. खोकला घर करून बसला होता, खुर्चीतून उठताना शेगडीचा आधार लागायचा. मी सूप घेऊन गेले नि सुनावलं. "किती वर्षं झाली. एकदा कॅनडाला जाऊन तरी या. नातवंडं तोंड ओळखणार नाहीत."

"बोलावलं पाहिजे."

"विचारा की तिला!"

"विचारलंय," ते म्हणाले.

मी चमचा खाली ठेवला. "कधी?"

"ती गेली तेव्हाच."

"मग?"

"उत्तर नाही आलं."

मला हिस्केचा असा संताप आला! घरी गेले नि टाकोटाक तिला लिहिलं. तुझ्या म्हाताऱ्या बापाने विचारलं नि तू उत्तरसुद्धा देत नाहीस, तुला लाज कशी वाटत नाही, असं सगळं. मी पत्र लिहिते तेव्हा पाल्हाळ लावत नाही. तिचं उत्तर नोव्हेंबरात आलं, आणि तिनेही लावला नव्हता.

तिने लिहिलं होतं की बाबांनी मला काही विचारलेलं नाही. त्यांनी मला एक पेटी दिली, तू पाहिलीस. घर सगळं जागच्या जागी आणि खुर्ची रिकामी. मी काय समजायचं ते समजले. तुझ्यापुरता मी आता नाही, असं सांगितलं त्यांनी. मी ती पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय, कारण माझ्याच्याने बघवत नाही. त्यांनी एक शब्द म्हणावा, एकच, डुर्क दुसऱ्या दिवशी तिकीट पाठवेल.

मी हे त्यांना वाचून दाखवलं. वगळलं काही नाही; वगळायचं कशाला? ते ऐकत होते, हात खुर्चीच्या हातांवर.

"खुर्ची रिकामी," ते म्हणाले. "तेवढंच दिसलं तिला?"

"आणखी काय आहे तिच्यात?"

त्यांनी अंगठा खुर्चीच्या हातावर घासला, गाठ उठवताना घासायचे तसा.

"काका, आणखी काय आहे पेटीत?"

"हिस्केला सापडायला हवं होतं. तिला नेहमी सापडायचं." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "इतकी वर्षं मी समजत होतो, तिला सापडलं नि तिने नाही म्हटलं."

"मग सांगून टाका आता! मी आजच्या टपालाने कळवते. काय आहे?"

"सांगितलं की—"

"जीव जातो! माहीत आहे मला! इथे माणसांचा जीव जातोय, वोबेकाका, आणि तुम्हाला कोड्याची पडलीय?"

मी अशी ओरडले नव्हते कधी त्यांच्यावर. ते बराच वेळ भिंतीवरच्या त्या रंगवलेल्या खिळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. पाच डिसेंबर येऊ दे. संत निकोलसच्या नावाने दोन ओळी लिहू. कुठे बघायचं त्याच्या. मी सांगेन, तू लिही."

"आत्ताच लिहू या."

"नोव्हेंबरात कुणी लिहितं का असल्या ओळी?" म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी हसले. "पाच तारखेला ये. कागद चांगला आण."

मी चांगला कागद आणला. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून गेले, तर ते त्याच खुर्चीत होते, नि शेगडी विझलेली.

हिस्के विमानाने आली. पुरण्याच्या वेळेला पोचली, कॅनडाचा जाड कोट, चेहरा आन्त्येकाकूंचा. रडली नाही. पुरून झाल्यावर आम्ही घर आवरायला घेतलं, कारण घर भाड्याचं होतं. मी तिला सगळं सांगितलं होतं, पेटीत आणखी काही आहे म्हणत होते, काय ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "असेल. आता काय उपयोग?" आणि भांडी गुंडाळत राहिली.

शेडमध्ये फळीवर, रंगाच्या डब्यांच्या मागे, ती सापडली. तशीच पेटी. बाहेरून रंग नाही, सिगारच्या खोक्याचं कोरं लाकूड, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. काका कुठलंही काम घेतलं की आधी नमुना करायचे. गिऱ्हाइकाला फळीवर दाखवायचे नि मग दाराला हात घालायचे. हा नमुना होता.

आणि त्याच्या पुढच्याच बाजूला, भोकाच्या डावीकडे, अगदी खाली, कोपऱ्यात, एक बूच होतं. साधं बाटलीचं बूच, कापून सपाट केलेलं. न रंगवलेलं. आंधळ्यालाही दिसावं असं.

हिस्के त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने नखाने ते बूच उपसलं, मागे दुसरं भोक निघालं, तिने पेटी उजेडाकडे धरली नि वाकून त्याला डोळा लावला.

आयुष्यात जे थोडे प्रसंग मी गप्प राहिले, त्यांतला तो एक.

बऱ्याच वेळाने ती बाजूला झाली. बूच मुठीत होतं. "फ्रौके," ती म्हणाली, "बघ."

तिरकं बघितलं की ताणलेलं चित्र आवळून जागेवर येतं. त्यात जादू नाही, भूमिती आहे. मी वर्गात शिकवलेली आहे. भिंतीच्या पट्ट्यांवरच्या, जमिनीच्या फळ्यांवरच्या त्या लांबच लांब तपकिरी रेषा, ज्या समोरून नुसत्या लाकडाच्या वाटत होत्या, त्या एकमेकींत सरकल्या होत्या नि खुर्चीवर एक माणूस बसला होता. वोबे रिटसेमा. अंगात ओव्हरकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोक्यावर हॅट. मांडीवर तपकिरी सुटकेस, तिच्यावर दोन्ही हात. आणि नजर थेट भोकाकडे, बघणाऱ्याकडे, स्टेशनावर बाकावर बसलेला माणूस नाव पुकारण्याची वाट बघत असतो तशी.

येऊ का, एवढंच विचारलं होतं त्याने.

"एप्रिल होता गं," हिस्के म्हणाली. "डिसेंबर असता तर मी त्या पेटीचा कोपरान् कोपरा चाचपला असता. एप्रिलमध्ये कोण शोधतं? धक्क्यावर? रडत असताना?"

आम्ही घरात गेलो. सुटकेस दाराच्या मागेच होती. ती तिनेच उघडली. दोन जाड लोकरीच्या विजारी, एक इस्त्रीचा शर्ट, गळपट्टा. त्याखाली फडक्यात बांधलेल्या पोलादी फण्या, एकीलाही गंज नाही. म्हणजे इतकी वर्षं तेल लावत होते.

"मी म्हणाले होते, तिकडे दारं खऱ्या लाकडाची असतात," ती म्हणाली. मग मात्र ती जमिनीवर बसली, आणि फण्या मांडीवर घेऊन अशी रडली की मी जाऊन पुढचं दार लावून घेतलं.

नमुन्याची पेटी तिने नेली नाही. "माझी आहे ना तिकडे," म्हणाली. "माझ्या पेटीत बघायचं मला." फण्या नेल्या.

जानेवारीत तिचा फोन आला. तेव्हा कॅनडाहून फोन म्हणजे कुणीतरी मेलंय असंच वाटायचं, म्हणून मी धावतच गेले.

"सापडलं?" मी विचारलं.

"नाही."

"डावीकडे, खाली. कोपऱ्यात."

"माहीत आहे मला कुठे आहे, मला काय शिकवतेस! सापडत नाहीये. त्याच्यावर ओक आहे, फ्रौके. दिवा धरला, नख फिरवलं, भिंग घेतलं. सांधा नाही कुठे. इतकं चांगलं केलंय त्यांनी ते."

मला ते शेडमधलं बंद दार आठवलं. त्या चेष्टेनंतरचे ते दिवस. खऱ्या लाकडाच्या देशात पाठवायची पेटी म्हणून हात राखून ठेवला नसणार त्यांनी. बूच लपवताना आपण कुणापासून लपवतोय हे विसरून गेला असेल माणूस.

"डुर्क म्हणतो ड्रिल घालू," हिस्के म्हणाली. "मी म्हटलं, हात लावलास तर बघ."

"घाल की. आत काय आहे ते माहीतच आहे आपल्याला."

"उघडेल गं," ती म्हणाली. "पण सापडणार नाही."

मला माझं अंडं आठवलं. समुद्राखालून त्या तारेतून नुसता खरखराट येत राहिला.

"आणि सापडलं तर उत्तर द्यावं लागेल," ती म्हणाली. "ते आता देऊ कुणाला?"

ती अजून आहे, ओंटारियोत, माझ्यासारखीच गुडघ्यांनी हैराण. डुर्क गेला. पेटी आता तिने भिंतीकडून वळवून खिडकीशी ठेवलीय, तोंड खोलीकडे. ती रोज सकाळी कॉफी घेताना डाव्या कोपऱ्यावरून बोटांची टोकं फिरवते, असं तिची मुलगी सांगते. बूच काही लागत नाही.

नमुना माझ्याकडे आहे, पुढच्या खोलीत, मेजावर. माझ्याकडे कुणी आलं की आधी पुढच्या भोकाला डोळा लावतं नि म्हणतं, वा, किती खरी खोली, पण खुर्ची रिकामी का हो? मी लगेच सांगते. मी ताटकळत ठेवत नाही कुणाला. डावीकडे, खाली, बूच आहे, ते काढा. तिथे एक माणूस कोट घालून बसलेला आहे. त्याला या म्हणा.